एका ॲम्प्लिफायरचा जीर्णोद्धार

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की, सोन्याला गंज चढत नाही आणि बाकीच्या बहुतेक जुन्या वस्तूंना तो चढतो, एवढा साधा फरकही आपल्या ध्यानात राहत नाही. जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या मंडळींत मला दोन पंथ दिसतात. एक पंथ म्हणतो, जुन्याला बोटही लावू नका. दुसरा म्हणतो, जुन्याचे फक्त नाव राखा आणि आत सारे नवे भरा. या दोन्ही पंथांचे अनुयायी मला एकाच वस्तूच्या निमित्ताने भेटले, आणि दोघांशीही माझे मुळीच पटले नाही. ती वस्तू म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा, बेस गिटारचा एक जुना ॲम्प्लिफायर.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वार्षिकात कंडेन्सरवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेचे मित्र कदाचित हसतीलही. त्यांनी खुशाल हसावे. हा प्रश्न जितका विजेचा आहे, त्याहून अधिक ‘मूळ’ कशाला म्हणायचे याचा आहे; आणि मूळ संहिता, मूळ प्रत, मूळ चाल या विषयांवर आपल्या वर्गांतून पुष्कळ तास खर्ची पडत असतात.

आधी त्या यंत्राची ओळख करून देतो. त्याचे नाव ‘फेंडर बेसमन’. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाचे गृहस्थ रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत. शिक्षण हिशेबनिसाचे, धंदा रेडिओचा, आणि गिटार तर स्वतःला वाजवताही येत नसे! अशा या माणसाने १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ ही विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली आणि तिचा खर्ज पेलण्यासाठी १९५२ साली ‘बेसमन’ हा ॲम्प्लिफायर काढला. त्याचे पुढे अनेक अवतार झाले. त्यांतला १९५८ ते १९६० या काळातला, दहा इंची चार स्पीकरांचा, ‘५एफ६-ए’ या क्रमांकाच्या नकाशावर बांधलेला अवतार सर्वांत नावाजलेला. गंमत अशी की, ज्या बेस गिटारसाठी तो बनवला तिच्या वादकांपेक्षा साधी गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवणाऱ्यांनीच त्याला डोक्यावर घेतले. आवाज चढवला की तो फाटतो, आणि त्याची ती फाटण्याची तऱ्हा त्यांच्या कानांना गोड लागली. ज्याला आपण दोष म्हणतो तोच कुणाचा तरी अलंकार होऊन बसतो, हे काव्यातच घडते असे नाही.

आता कंडेन्सर. आपल्याकडचे रेडिओ मेकॅनिक पिढ्यान्‌पिढ्या ज्याला कंडेन्सर म्हणत आले, त्यालाच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक कपॅसिटर म्हणतात. त्याचे काम समजण्यासाठी आपल्या घरातली पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. घरात मात्र ते दिवसभर मिळते, कारण मध्ये टाकी असते. व्हॉल्व्हला चारशेहून अधिक व्होल्टची, एकसारख्या धारेची वीज लागते. घरातल्या विजेची दिशा पालटत असते. ती एका दिशेची केली तरी धार अखंड होत नाही. सेकंदाला शंभर उमाळे येतात. दोन उमाळ्यांमधली पोकळी भरून काढणारी टाकी म्हणजे फिल्टरचा कंडेन्सर.

ही टाकी बांधली जाते ती मात्र फार नाजूक सामानाने. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर त्याच धातूच्या ऑक्साइडचा थर, आणि विद्रावात भिजलेला कागद, असे हे भेंडोळे असते. तो ऑक्साइडचा थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाइतका असेल नसेल. पण साडेचारशे व्होल्ट अडवून धरण्याचे काम तोच करतो. काळाबरोबर कागदातला ओलावा सुकतो. शेजारी तापलेले व्हॉल्व्ह असतात, त्यांच्या उष्णतेने तो अधिकच लवकर सुकतो. यंत्र वापरात असेल तर वीज स्वतःच तो थर धडका ठेवते. वर्षानुवर्षे बंद पडून राहिले तर थर विरत जातो. म्हणजे वापरले तरी झीज आणि न वापरले तरी झीज! कपाटात जपून ठेवलेला कंडेन्सर ‘कोरा’ राहतो हा संग्राहकांचा समज निव्वळ भाबडा आहे. १९५९ साली बसवलेल्या कंडेन्सरला आज पासष्टाहून अधिक वर्षे झाली. ज्यांनी तो बनवला त्यांनी स्वतः त्याच्याकडून वीस वर्षांची सेवादेखील क्वचितच अपेक्षिली असेल.

टाकी गळू लागली की काय होते? पहिले म्हणजे घरघर. आपल्याकडे ही घरघर सेकंदाला शंभर आवर्तनांची असते. बेस गिटारची सर्वांत वरची तार मोकळी छेडली की अठ्ठ्याण्णव आवर्तनांचा सूर निघतो. म्हणजे वादक आपली तार नीट जुळवतो, आणि त्याच्या अगदी शेजारी, किंचित चढा, असा यंत्राचा स्वतःचा सूर अखंड चालू असतो. दोघांच्या भांडणातून सेकंदाला दोन हेलकाव्यांची एक लहर उठते. तानपुरा जुळवणाऱ्या मित्रांना हा छळ वेगळा समजावून सांगायला नको. अमेरिकेत विजेचे गणित साठाचे असल्यामुळे तिथली घरघर एकशेवीस आवर्तनांची. तिथल्या वादकाची निदान ही तार तरी सुटते. दुसरे म्हणजे भुताटकीचे सूर. टाकी फारच रिकामी झाली की ती घरघर वाजवलेल्या सुरात मिसळते. वादकाने दोनशेवीस आवर्तनांचा सूर काढावा, आणि त्याच्याबरोबर एकशेवीस व तीनशेवीस आवर्तनांचे, कुणीही न छेडलेले बेसूर सूर बाहेर पडावेत! खर्जाच्या वाद्याला तर हे फारच जाचते, कारण लांबलेल्या खर्जाच्या सुराला वीज अधिक लागते आणि टाकी तिथेच आटते. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. थर फुटून कंडेन्सर आतल्या आत जोडला गेला, की विजेचा लोंढा रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि मुख्य ट्रान्सफॉर्मर यांना जाळून टाकतो.

इथे माझ्या मताचा पहिला खुंटा मी ठोकतो. त्या ॲम्प्लिफायरमध्ये खरोखर पुन्हा न मिळणारी वस्तू कोणती असेल, तर ती त्याचे ट्रान्सफॉर्मर. सुकलेला कंडेन्सर ‘मूळचा’ म्हणून जागेवर ठेवणे म्हणजे चार पैशांच्या सुतळीसाठी गाठोडे जाळणे होय.

हा वाद माझ्यापर्यंत कसा आला ते सांगणे भाग आहे. मुंबईच्या हॉटेलांतून सत्तरच्या दशकात बेस वाजवणारे, मूळचे गोव्याचे एक वृद्ध वादक माझ्या परिचयाचे आहेत. आम्ही सारे त्यांना अंकल म्हणतो. बोटीवरच्या बँडमध्ये काम करणाऱ्या एका मित्राकडून त्यांनी हा बेसमन त्या काळी विकत घेतला होता. हॉटेलांतले बँड गेले, आणि गेली तीसेक वर्षे तो त्यांच्या घरी चादरीखाली उभा होता. मध्यंतरी एका संग्राहकाने त्याला चांगली किंमत देऊ केली. अट एकच : पाठीमागचे झाकण उघडायचे नाही. आत नव्या कथलाचा एक डाग जरी दिसला तरी किंमत निम्म्यावर येईल. घरच्यांना व्यवहार पसंत होता, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. औषधपाण्याचा खर्च सर्वांनाच असतो. अंकल मात्र मला म्हणाले, “त्याच्याकडे गेला तर तो त्याच्यावर फुलदाणी ठेवणार रे. माझी बोटं अजून चालतात. मला त्याचा आवाज ऐकायचाय.”

ऐंशी ओलांडलेल्या माणसाचे हे वाक्य एका तराजूत आणि संग्राहकाचा आकडा दुसऱ्या तराजूत, असा हा प्रश्न होता. माझा कल कुठे झुकला हे वाचकांनी ओळखलेच असेल. पण केवळ भावनेच्या भरात संग्राहकाला खलनायक ठरवणेही मला मान्य नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुन्या भागांवर छापलेल्या अंकांवरून यंत्राचे वय ठरते. कथलाच्या डागावरून ते काम कारखान्यातले की नंतरचे हे कळते. त्या काळच्या फेंडर ॲम्प्लिफायरांच्या पोटात पुष्कळदा चिकटपट्टीचा एक तुकडा सापडतो आणि त्यावर, ज्या स्त्री कामगाराने ती जोडणी केली तिचे पहिले नाव हाताने लिहिलेले असते. अंकलच्या ॲम्प्लिफायरमध्येही अशी पट्टी निघाली. शाई फिकी झालेली, अक्षर शाळकरी मुलीसारखे गोल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो तुकडा एखाद्या ताम्रपटाइतका मोलाचा वाटावा. निष्काळजी हाताने आत शिरून हे सारे खरवडून काढणारा माणूस माझ्याही रागाचा धनी होईल.

परंतु पुरावा जपणे आणि दोष जपणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या वाङ्मयात याचे ठसठशीत उदाहरण आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात नकलल्या जाऊन तिच्यात अपपाठ शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. अपपाठही जुनेच होते. ‘जुने’ म्हणून त्यांनी ते ठेवले नाहीत. त्याचबरोबर, पुढे कुणीही त्या ग्रंथात पदरची ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. बिघडलेले काढावे, पण आपले घुसडू नये. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत माझे मत याहून निराळे नाही.

कारण घुसडणाऱ्यांचाही पंथ आहे, आणि तो पहिल्याहून अधिक उपद्रवी आहे. झाकण उघडलेच आहे तर सारेच भाग बदलून टाकू, कंडेन्सर वीसऐवजी शंभर मायक्रोफॅरडचे घालू, म्हणजे घरघर कायमची जाईल, असा त्यांचा उत्साह असतो. टाकी मोठी केली की पाणी अधिक साठणार, हे वरवर बरोबर दिसते. पण रिकामी मोठी टाकी भरताना पंपावर ताण पडतो, हे ते विसरतात. बेसमनमध्ये रेक्टिफायरचे काम ‘जीझेड ३४’ हा व्हॉल्व्ह करतो, आणि त्याच्या लगतचा कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा असू नये, असे त्याच्या तक्त्यातच दिलेले आहे. शिवाय मूळच्या बेताच्या टाकीमुळे जोराचा सूर लागताना वीज क्षणभर दबते आणि पुन्हा सावरते. त्या दबण्यात जो लवचीकपणा असतो तो मोठ्या टाकीने नाहीसा होतो. आवाज ताठ होतो. मग तो बेसमन कशाला म्हणायचा?

याचा अर्थ मापाबाबत सोवळे पाळावे असाही नाही. जुने कंडेन्सर २० मायक्रोफॅरडचे. आज बाजारात सहज मिळतात ते २२ चे. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. जुन्या काळी छापील आकडा आणि प्रत्यक्ष माप यांत याहून मोठे अंतर कारखान्यातूनच पडत असे.

आमचे काम लॅमिंग्टन रोडजवळच्या एका गल्लीतल्या मेकॅनिकने केले. व्हॉल्व्हच्या कामाला हात लावणारे जे थोडे लोक उरले आहेत, त्यांतले ते एक. उमेदीचा काळ त्यांनी मर्फी आणि बुशचे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवला. त्यांच्या हाताखाली शिकणारा आज कुणी नाही. एक मुलगा काही दिवस आला आणि मोबाइलच्या दुकानात गेला, असे ते हसत सांगत होते. मला मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही.

त्यांनी यंत्र आणताच प्लग खुपसला नाही; याच गोष्टीने माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तीस वर्षे निजलेल्या यंत्राला एकदम पुरी वीज देणे म्हणजे उपासाने खंगलेल्या माणसाला पंगतीत बसवणे. आधी झाकण काढून नुसते पाहिले. फिल्टरच्या दोन कंडेन्सरांच्या टोकांना पांढरा क्षार फुटला होता, एकाचे बूड फुगले होते. उरलेले मीटरवर लावले तर त्यांचीही ताकद घटलेली. फिल्टरचे सारे बदलले. मग बायसचे बदलले. हे दिसायला किरकोळ, पण ते गेले तर शेवटचे दोन मोठे व्हॉल्व्ह बेलगाम होतात आणि त्यांची प्लेट लालबुंद तापते. इथवर विचार करण्यासारखे काही नव्हते. इलेक्ट्रोलिटिक जातीचा कंडेन्सर तबल्याच्या पुडीसारखा आहे. पुडी बदलली म्हणून तबला नवा झाला असे कुणी म्हणत नाही. खोड तेच असते.

खरा विचार पुढे होता. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे सूर पोचवणारे छोटे कंडेन्सर असतात. बेसमनमधले हे पिवळ्या रंगाचे, ‘ॲस्ट्रॉन’ कंपनीचे. त्यांचे काम उंबऱ्यासारखे : सुराला आत येऊ द्यायचे आणि मागच्या खोलीतला दाब अडवायचा. यांच्यावर भाविकांची फार श्रद्धा. आवाजाचा सारा गोडवा यांच्यातच आहे, असे ते मानतात. सुधारक मंडळी हेच आधी उपटून फेकतात. मेकॅनिकने दोन्ही केले नाही. प्रत्येकाचा एक पाय सोडवला, व्होल्टेज देऊन पलीकडे किती गळते ते मोजले. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारे दोन्ही गळत होते, तेवढे बदलले. बाकीचे खणखणीत होते. ते तसेच परत जोडले. सरसकट नियम न लावता एकेकाला तपासून निकाल देणे, एवढीच ही रीत. तिला वेळ लागतो, आणि म्हणूनच ती फार थोडे लोक पाळतात. काम चार दिवस चालले.

आवाज बदलला का? असा प्रश्न मला नंतर अनेकांनी विचारला. घरघर गेली आणि खर्ज आवळला गेला, हे माझ्यासारख्या कानसेनालाही कळले. अंकलने सर्वांत जाड तार छेडली, थांबले, आणि तीच पुन्हा छेडली. मग म्हणाले, “हा तोच आहे. मधे ह्याला सर्दी झाली होती.” ज्याने तो यंत्राच्या तरुणपणी ऐकला आहे, त्याच्या कानाचा हा दाखला मला कुठल्याही छापील अंकापेक्षा मोठा वाटतो. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या यंत्राच्या ‘मूळ आवाजा’विषयी बोलणाऱ्यांनी तो आवाज ऐकलेलाच नसतो, त्यांनी ऐकली असेल तर सुकलेल्या कंडेन्सरची घरघर.

आणि हे मूळपण भागांतच असते, असे तरी कुठे आहे? १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचे दुकान चालवणारे जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी यांनी ‘जेटीएम ४५’ हा ॲम्प्लिफायर बांधला, तो याच ५एफ६-ए बेसमनच्या नकाशावरून. स्पीकर निराळे, ट्रान्सफॉर्मर निराळे, पेटी निराळी. नकाशा तेवढा तोच. त्यातून निघालेल्या आवाजाने पुढे ब्रिटिश रॉक संगीत घडवले. आज त्याही यंत्राला मूळ मानून त्याच्या कंडेन्सरांवरून भांडणे होतात! फेंडरने स्वतःही व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांनी छापलेल्या नमुना-नकाशांचा आधार घेतलाच होता. या माणसाने यंत्रातले भाग एका फळीवर ओळीने, मागचे झाकण काढताच हाताशी येतील असे मांडले. कोणता व्हॉल्व्ह कुठे याचा तक्ता पेटीच्या आत चिकटवला. रेडिओदुरुस्ती करणाऱ्यानेच अशी मांडणी करावी. आपले यंत्र कधीच उघडले जाऊ नये असे त्याच्या मनात असते, तर त्याने हा खटाटोप कशाला केला असता?

जाता जाता एक गोष्ट निक्षून सांगतो, कारण आमच्या वार्षिक संमेलनाच्या ऑर्केस्ट्रातले काही उत्साही मित्र स्क्रू ड्रायव्हर घेऊन हे वाचतील. प्लग काढल्यानंतरही हे कंडेन्सर चारशे व्होल्टचा साठा पोटात धरून बसलेले असतात. जाणकाराने रेझिस्टन्समधून तो साठा रिकामा करून, मीटरने शून्य पाहिल्याशिवाय आत बोट घालू नये. आणि अमेरिकेतून आलेल्या त्या काळच्या ॲम्प्लिफायरांना दोनच पिनांचा प्लग असतो; शिवाय विजेच्या एका तारेपासून चॅसीपर्यंत एक कंडेन्सर जोडलेला असतो. तो फुटला तर गिटारच्या तारांत वीज उतरते. तो काढून टाकणे व तीन पिनांची, अर्थिंगची वायर बसवणे, हा एकच बदल मी मूळ नकाशाविरुद्ध जाऊन मान्य करतो. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावरच, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. प्राणापुढे मूळपणाची मिजास चालत नाही.

काम संपल्यावर काढलेले सर्व कंडेन्सर आम्ही एका कापडी पिशवीत घालून पेटीच्या आत, तळाशी बांधून ठेवले. एका कागदावर तारीख, कोणता भाग बदलला, त्याचे जुने माप, नवे माप आणि कोणते भाग तपासून तसेच ठेवले, हे सारे लिहिले. कागदाखाली मेकॅनिकने आपले नाव लिहावे अशी मी गळ घातली. ते म्हणाले, “आमच्यात नाव लिहायची पद्धत नाही.” मी त्यांना ती चिकटपट्टी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ते गोल अक्षर बराच वेळ पाहिले, वाचता येईना म्हणून मला वाचायला सांगितले, आणि मग माझ्या पेनाने कागदावर देवनागरीत सही केली. तो कागद आता त्या पट्टीशेजारी, तिला झाकणार नाही अशा बेताने लावलेला आहे.